थडग्यांवरचे शुक्रवार

कुमुद,

काल शुक्रवार. सकाळी खाली व्हॅनचा हॉर्न वाजला नाही, पण मी सवयीनं उठून पोह्यांसाठी ढीगभर कांदा चिरून बसले होते. आमचे हे डोळे चोळत आले आणि म्हणाले, "अगं, आज कुठं जायचंय?" मी म्हटलं, "कुठंही नाही. खायचेत म्हणून केलेत." मग दहा माणसांचे पोहे आम्ही दोघांनी सकाळी खाल्ले, दुपारी खाल्ले आणि संध्याकाळी चहाबरोबरही खाल्ले. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस आणि वर म्हणाली असतीस, "नलू, खोबरा कमी पडला."

तू गेलीस त्याला महिना होत आला. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापायला आपटेकाकांनी माझ्याकडं तुझ्याविषयी चार शब्द मागितलेत. आपटेकाका म्हणजे आठवडाभर ऑडिटर आणि सणासुदीला आपले हौशी भटजी, तुला सांगायला नको. जन्म कुठला, शिक्षण किती, शाळेत नोकरी किती वर्षं, असं सगळं नीट हवंय त्यांना. ते सदाभाऊजींना विचारा म्हटलं. नवऱ्याला बायकोचं शिक्षण सांगता येत नसेल तर तोही एक विनोद होईल. मला लिहायचं आहे ते वेगळं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि तुझ्या लेकीनं मला त्याच भांडणातला प्रश्न विचारलाय. ती तेरा वर्षांची पोर मला विचारते, आई आता कुठं आहे, मी तिला भेटायला कुठं जाऊ? याचं उत्तर खरं म्हणजे तू द्यायचंस. तू नाहीस म्हणून मला द्यावं लागलं. काय दिलं, ते शेवटी सांगते. आधी थोडं मनसोक्त आठवू दे.

मी साताऱ्याहून लग्न करून इथं आखातातल्या या बेटावर आले त्या पहिल्याच आठवड्यात तू वरच्या मजल्यावरून उतरलीस. कडेवर मीना, हातात वाटीभर शेवया. "मी कुमुद. देवगडची. ईसा टाउनच्या शाळेत शिकवते. शुक्रवारी काय करता? आमच्याबरोबर फिरायला चला." मला वाटलं, बाग असेल, नाहीतर बाजार. लग्नातली जांभळी साडी नेसले, गजरा नव्हता म्हणून हळहळले. सदाभाऊजींची गॅरेजची व्हॅन, मागं ग्रीसचा वास, त्यात चार बायका, पोरं आणि पोह्यांचा डबा. आपली अदलियाची वस्ती मागं पडली, घरं संपली आणि समोर नुसती टेकाडं. जिकडं नजर जाईल तिकडं टेकाडं, वाळत घातलेल्या सांडग्यांसारखी. मी विचारलं, "हे काय आहे?" तू शाळेतल्या आवाजात सांगितलंस, "थडगी. हजारो वर्षांपूर्वीची. एवढ्याशा बेटावर इतकी थडगी जगात कुठं नसतील." आणि त्यातल्याच एका टेकाडावर चादर अंथरलीस. मी परत व्हॅनमध्ये जाऊन बसले. तू खिडकीतून पोह्यांची बशी आत दिलीस, मी ती बाहेर दिली. असं तीनदा झालं, मग भूक लागली आणि मी व्हॅनमध्ये बसूनच खाल्ले.

घरी आल्यावर मी दारातच चपला काढल्या, डोक्यावरून आंघोळ केली आणि साडी भिजत घातली. मसणवटीतून आलं की आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे माझ्या सासूबाईंनी मला सांगितलेलं. इथं उंबराच नव्हता, पण नियम तो नियम. तू जिन्यात उभी राहून पाहत होतीस. "आंघोळ कित्याक?" म्हणालीस. मी म्हटलं, "सुतक." त्यावर तू जे काही हसलीस! "अगो, सुतक भाऊबंदांचा असता. हे मेले तेव्हा तुझो सातारा तरी होतो काय? तू आंघोळ करतंस म्हणजे हे तुझे भाऊबंद. मग पुढच्या शुक्रवारी नात्यातल्यांकडे जाऊचा कसा नाय म्हणतलंस?" मला तुझ्यापुढं वेळेवर उत्तर कधीच सुचलं नाही, ते दुपारी भांडी घासताना सुचायचं.

पुढच्या शुक्रवारी आलेच मी. त्याच्या पुढच्याही. चादरीवर बसायला लागले. पण आंघोळ सोडली नाही. आणि गंमत अशी, की एकीनं आंघोळ केली की बाकीच्यांना आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. मी सुरू केलं म्हणून समोरच्या जोशीणबाईंनी केलं, त्यांचं पाहून खालच्यांनी केलं, पोरांना धरून धरून बुचकळलं. दर शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला सगळ्या बिल्डिंगमध्ये बादल्यांचा आवाज. टाकी कोरडी ठणठणीत. आपल्या घरमालकाच्या, अबू जासिमच्या घराला पाणी त्याच टाकीतून जायचं. मशिदीत जायच्या वेळेला तो हातपाय धुवायला गेला की नळातून नुसता वारा यायचा.

तो चिडून वर आला तो दिवस मला अजून दिसतो. पांढरा झगा, हातात रिकामं तांब्यासारखं भांडं. "मदाम, पानी मफी! टाकी खलास! हर जुम्मा टाकी खलास! तुम लोग क्या करता?" मी दाराआड. तू पुढं झालीस आणि तुझ्या त्या देवगडी हिंदीत म्हणालीस, "हम सब लोग आंघोळ करता, बाबा. जुम्मा है ना." अबू जासिम थबकला. त्याचा चेहराच पालटला. "जुम्मे का गुसल? तुम लोग? हिंदू लोग?" तू अगदी गंभीरपणे मान हलवलीस. तो बिचारा "माशाल्ला, माशाल्ला" करत जिना उतरला. आपण परक्या धर्माच्या बायका त्याच्या शुक्रवारचा मान ठेवून नमाजाआधी आंघोळ करतो, असं त्याला वाटलं. पुढच्या शुक्रवारी सकाळीच पाण्याचा टँकर दारात उभा, आणि त्याच्या बायकोकडून प्रत्येक घरी खजुराचं ताट.

मला तो खजूर घशाखाली उतरेना. "अगं, खरं सांग त्याला," मी तुझ्या मागं लागले. तू एकामागून एक खजूर तोंडात टाकत म्हणालीस, "कित्याक? माणूस खूश आसा, टाकी भरलेली आसा. आणि आपण खोटा काय बोललव? आंघोळ केलव, जुम्मो होतो." असे कितीतरी शुक्रवार गेले. अबू जासिम रस्त्यात आमच्या ह्यांना थांबवून कौतुक करायचा आणि हे घरी येऊन मला विचारायचे, "तुम्ही नक्की केलंय काय?"

शेवटी खरं तूच सांगितलंस, आणि तेही त्याच्या अंगणात बसून, त्याचा कहवा पीत. त्याच्या बायकोनं सहज विचारलं होतं, दर शुक्रवारी व्हॅन भरून कुठं जाता म्हणून. मी टेबलाखालून तुझा पाय दाबत होते. तू सगळं सांगून टाकलंस. थडगी, पोहे, माझ्या सासूबाई, सुतक, सगळं. अबू जासिम असा हसला, की त्याच्या डोक्यावरचा रुमाल खाली पडला. बायकोला अरबीत सांगून पुन्हा हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "हम लोग कबरस्तान जाता तो उनको सलाम बोलता. घर का लोग जैसा. तुम भी सलाम बोलो, बस. पानी बचाव!" टँकर मात्र त्यानं बंद केला नाही. आपण हे बेट सोडेपर्यंत तो येत राहील असं आता वाटतं.

त्या दिवसापासून तू सुरू केलंस. व्हॅनमधून उतरलीस की पदर खोचायचीस, कमरेवर हात ठेवायचीस आणि त्या सगळ्या टेकाडांना उद्देशून ओरडायचीस, "काय मंडळी, बरे आसात मां?" पोरं खिदळायची. मला आधी लाज वाटायची, मग सवय झाली, आणि एका शुक्रवारी तुला ताप होता म्हणून तू आली नाहीस तेव्हा मीच हळूच म्हटलं, "काय मंडळी, बरे आहात ना?" साताऱ्याच्या बोलीत ते तितकंसं शोभलं नाही.

पण आंघोळीचं मी सोडलं नाही हं. तू म्हणायचीस, नलूनं सगळ्या बेटाला नातेवाईक करून घेतलंय. म्हण हवं ते.

मग तू आपल्याला आली नावाच्या त्या गावी नेलंस. कुंभारांचं गाव. घरांच्या मधोमध दुमजली, तिमजली उंचीची थडगी, राजांची असावीत इतकी मोठी. आणि त्या थडग्यांना भोकं पाडून कुंभारांनी आत भट्ट्या केलेल्या. टेकाडातून धूर निघतोय, शेजारी माठ रचलेत, बकरी त्या टेकाडावर चढून बसलीय. एवढं पाहून तुला जो आनंद झाला, तो मी मीनाच्या वाढदिवसालाही कधी पाहिला नाही. तू त्या म्हाताऱ्या कुंभाराला, हाजीला, खाणाखुणा करून विचारलंस, आतल्यांची हरकत नाही का? तो चाकावरचा हात न काढता म्हणाला, "ते झोपलेत. आम्ही कामात आहोत." तिथंच भेटलेल्या तुझ्या शाळेतल्या एका अरब बाईंनी आपल्याला हे भाषांतर करून सांगितलं. तू ते वाक्य पुढं वर्षभर सदाभाऊजींना ऐकवलंस. ते झोपलेले असायचे, तू कामात असायचीस.

मी तिथं स्पष्ट सांगितलं होतं, की थडग्यात भाजलेल्या माठातलं पाणी मी मेले तरी पिणार नाही. तू काहीच बोलली नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तो उन्हाळा आठवतो? नळातून कढत पाणी यायचं, आमचा फ्रिज बिघडलेला. मी रोज शाळेच्या बसची वाट बघायची, तू आलीस की वर यायची आणि तुझ्याकडचं गार पाणी दोन-दोन भांडी प्यायची. वाळ्याचा वास यायचा त्याला. मी म्हणायची, "कुमुद, तुझ्याकडच्या पाण्याला काय गोडी आहे!" पावसाळा म्हणजे आपल्या देशातला, इथं कुठला, तो संपल्यावर तू मला स्वयंपाकघरातला फडका बाजूला करून माठ दाखवलास. आलीचा. हाजीच्या हातचा. मी धावत न्हाणीकडं निघाले तर तू आडवी आलीस. "आता बाहेरून न्हाऊन काय उपयोग? आतून आंघोळ कशी करतलंस?" कुमुद, मी तुझ्याशी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी तहान लागली.

लोकांना वाटायचं, कुमुदला थडग्यांचं वेड आहे. मलाही तेच वाटायचं, पण राजधानीतल्या, मनामातल्या त्या लहानशा ख्रिस्ती कब्रस्तानात आपण गेलो, तेव्हा आपलं खरं भांडण सुरू झालं. भिंतीच्या आत थोड्याच कबरी. दूरदेशाहून आलेले खलाशी, मिशनरी, आणि एका कोपऱ्यात एक तान्हं मूल. दगड कलला होता, अक्षरं वाऱ्यानं खाल्लेली. कोणीतरी त्यावर ताजी फुलं ठेवली होती. मी म्हटलं, "बघ कुमुद, त्यांचं किती चांगलं. एक जागा असते. आईला येऊन बसता येतं. आपल्यात काय, राख पाण्यात सोडली की माणूस कुठं म्हणून नाही." माझ्या मनात माझा धाकटा भाऊ होता. तो गेला, त्याची राख कृष्णेत सोडली, आणि आजतागायत नदीच्या नेमक्या कुठल्या पाण्याकडं बघून त्याच्याशी बोलायचं हे मला समजलेलं नाही. तुला ते ठाऊक होतं. तरी तू म्हणालीस, "जागा असली की लोक जागेला भेटतात गं. झाडलोट करतात, फुलं ठेवतात, घरी जातात. माणसाला विसरायला ती सोपी सोय आहे."

"आणि जागा नसली तर?"

"तर बरोबर घेऊन फिरावं लागतं."

मी म्हटलं, हे शाळेत सांगायला ठीक आहे. दर शुक्रवारी दुसऱ्यांच्या थडग्यांवर चादर अंथरणारी बाई मला सांगते, जागा नको! मग येतेस कशाला इथं? तू म्हणालीस, "मोकळी हवा आसा. आणि हे लोक मध्ये बोलत नाहीत, तुझ्यासारखे."

त्यानंतर सगळे शुक्रवार हेच भांडण. थालिपीठ झालं की हेच, चहा झाला की हेच. मग बेटाला सौदीशी जोडणाऱ्या पुलाचं काम निघालं, जनाबियाच्या बाजूला रस्ते पडू लागले, नवीन घरांसाठी टेकाडं सपाट व्हायला लागली. आपली नेहमीची चादर अंथरायची जागा एका शुक्रवारी नव्हतीच. तिथं पिवळं यंत्र उभं होतं आणि चाकांच्या रेघा. मी रडकुंडीला आले. मला वाटलं, आता कुमुद काय करेल कोण जाणे, वर्तमानपत्रात लिहील, यंत्रापुढं आडवी पडेल. आणि तू शांतपणे डबा उघडलास. "लोकांक घरां नको? सदाच्या गॅरेजमधले चार पोरगे एका खोलीत झोपतात." मला तुझा इतका राग आला! मी त्या थडग्यांसाठी भांडत होते आणि तू घरांसाठी. म्हणजे आपल्या बाजूंची अदलाबदल झाली होती, आणि हे आपल्या दोघींच्याही एकदम लक्षात आलं, आणि आपण इतक्या हसलो, की यंत्राच्या ड्रायव्हरनं, तो पठाण होता बहुतेक, खाली उतरून विचारलं, बहनजी, तबियत ठीक है ना?

हे सगळं मी तुझ्या शेवटच्या आजारात दवाखान्यातही आठवत होते. तू पलंगावर, हाताला नळी, आणि तोंड मात्र चालू. शेजारच्या मलबारी बाईला तू तीन दिवसांत थालिपिठाची कृती शिकवलीस. मला जवळ बसवून म्हणालीस, "ऐक. दगड नको, नाव नको, मंडळात फोटो तर मुळीच नको. समुद्रात सोडा. इथंच सोडा, देवगडला न्यायला नको. समुद्र काय दोन आसत? हयसून सोडल्यान तर थय लागतला." मी म्हटलं, "आणि मीनाला काय सांगू?" तुझा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. तू माझ्याकडं पाहिलंस. काहीतरी म्हणणार होतीस, तेवढ्यात नर्स आली आणि भेटायची वेळ संपली म्हणाली. मी उठता उठता म्हटलं, "राहू दे, उरलेलं उद्या भांडू." दुसऱ्या दिवशी तू गुंगीत होतीस. त्याच्या पुढं बोलणं झालं नाही.

कुमुद, तू काय म्हणणार होतीस? मला रोज वाटतं, ते कळलं असतं तर बाकी सगळं सोसलं असतं.

मीनानं मला विचारलं ते तुझं सगळं उरकून पुरुष मंडळी परत आली त्या संध्याकाळी. तिच्या वर्गातली मरियम आहे ना, ती ईदला आजीच्या कबरीवर जाते. मीना माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. "आँटी, मरियम गोज टू हर ग्रॅनी. व्हेअर डू आय गो?" मी तिला तुझंच सांगितलं, की जागा लागत नाही, माणूस बरोबर असतं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं तू माझ्याकडं पाहायचीस. "दॅट्स नॉट अ‍ॅन आन्सर," म्हणाली. तुझी लेक आहे, मी काय बोलणार?

अस्थी ठेवायला भांडं आणलं ते सदाभाऊजींनी. कोणाला न सांगता ते आलीला गेले होते. हाजीनं पैसे घेतले नाहीत, तुझं कळल्यावर त्यानं एक झाकणाचं मडकं काढून दिलं, तांबूस, अजून भट्टीची ऊब असलेलं. आपटेकाकांना ते कुठं भाजलंय हे मी सांगितलं नाही. मी सांगितलं असतं तर त्यांना आंघोळ करावी लागली असती.

बुदैयाच्या धक्क्यावरून एका कोळ्याची होडी केली. सदाभाऊजी, आपटेकाका, आमचे हे, मीना आणि मी. बायकांनी यायचं नसतं, असं काका दोनदा म्हणाले. मीना होडीत जाऊन बसली आणि तिनं माझा हात सोडला नाही, म्हणून मीही. पाणी इतकं स्वच्छ होतं, की तळाची वाळू दिसत होती. काकांनी मंत्र म्हटले, मध्येच एक ओळ विसरले, पुन्हा पहिल्यापासून म्हटले. कोळी वल्हं धरून आदबीनं थांबला होता. सदाभाऊजींनी मडकं तिरकं केलं. तू गेलीस ती हलकी, करडी, पाण्यात पसरत, आणि मला वेड्यासारखं वाटलं, देवगड कुठल्या बाजूला आलं?

मग काका म्हणाले, "आता मडकंही सोडा."

सदाभाऊजींनी हात पुढं केला, तर मडकं मीनाकडं. तिनं ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. "नो."

"बाळ, ते घरी न्यायचं नसतं," काका समजावत होते. "अशुभ असतं. सोडायचं असतं पाण्यात."

"नो. धिस इज ऑल देअर इज."

सदाभाऊजी खाली बघत होते. ते कधीच तुम्हा मायलेकींच्या मध्ये पडले नाहीत, आता तरी कसे पडणार? काका माझ्याकडं वळले. नियम सांगायचा तर तो नलूवहिनींनी सांगावा, सगळ्या बिल्डिंगला शुक्रवारी न्हायला लावणारी बाई ती. आणि कुमुद, नियम मला पाठ होता. सासूबाईंच्या आवाजात तो माझ्या कानात वाजत होता. मी मीनाचे हात पाहिले. बोटं पांढरी पडली होती.

मी म्हटलं, "काका, ते मडकं माझं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं. सदाभाऊजींना मीच आणायला सांगितलं होतं. मला परत हवंय. सदाभाऊजींच्या घरी नको ना? नको. माझ्या घरी नेते."

आयुष्यात मला पहिल्यांदा वेळेवर उत्तर सुचलं, आणि ऐकायला तू नव्हतीस. आमचे हे माझ्याकडं बघत राहिले. त्यांना ठाऊक होतं, मी कोणालाही काहीही आणायला सांगितलं नव्हतं. पण ते अकाउंटंट आहेत, कुठं गप्प बसायचं ते त्यांना कळतं. काकांनी हात जोडून समुद्राला नमस्कार केला. कोळ्यानं वल्हं मारलं. येताना मीना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, मडकं मांडीवर घेऊन, लहानपणी व्हॅनमध्ये पोह्यांचा रिकामा डबा घेऊन झोपायची तशी.

आता ते माझ्या गॅलरीत आहे. तुझ्या घराच्या जिन्याकडं तोंड करून. त्यात मी काही लावलेलं नाही, काही ठेवलेलं नाही, नुसतं झाकण घालून ठेवलंय. रोज सकाळी वाळू साचते ती फडक्यानं पुसते. सासूबाईंना पत्रात कळवलेलं नाही, आणि कळवणारही नाही. काल दुपारी पोहे खाऊन झाल्यावर मीना आली. मला "हाय आँटी" म्हणाली आणि सरळ गॅलरीत गेली. तासभर होती. मी आत भांडी घासत राहिले. मध्ये तिचं बोलणं ऐकू येत होतं, शाळेतलं काहीतरी, गणिताच्या बाईंच्या तक्रारी, मरियमशी झालेलं भांडण. एकदा ती मोठ्यानं हसली. जाताना म्हणाली, "नेक्स्ट फ्रायडे, ओके?" मी म्हटलं, ओके.

तर कुमुद, तू हरलीस. दगड नाही, नाव नाही, फोटोही नाही, तुझ्या सगळ्या अटी पाळल्या, पण जागा झाली आहे तुझी. अदलिया, दुसरा मजला, गॅलरीचा डावा कोपरा. इतक्या वर्षांचा वाद मी जिंकले. आता बोल काहीतरी. मी इथंच बसले आहे, मला काही घाई नाही, आज मी तुला मध्ये तोडणार नाही. बोल ना गं.